संग्रहाचे स्थलांतर : एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर

तुमच्यापैकी अनेकांना काही ना काही गोळा करण्याचा छंद असेल. कोणी नाणी जमवतो, कोणी काड्यापेटीची चित्रे, तर कोणी शिंपले किंवा दगड. जमवलेल्या वस्तू कपाटात राहतात. पण त्या वस्तू कोठे मिळाल्या, केव्हा मिळाल्या, कोणी दिल्या ही माहिती कोठे राहते? पूर्वी ती वहीत असे. आता ती बहुधा संगणकात असते. संगणक जुना झाला, की तो बदलावा लागतो आणि मग ही माहिती नव्या संगणकावर न्यावी लागते. हे काम वाटते तितके सोपे नाही. ते बिनचूक कसे करावे, हे या लेखात पाहू.

एक उदाहरण घेऊ. रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात उलवे हे ठिकाण आहे. तेथे सुमारे ९० मीटर उंचीची एक टेकडी होती. ‘होती’ असे म्हणण्याचे कारण म्हणजे नवी मुंबई विमानतळाच्या उभारणीत ती सुरुंग लावून कापून सपाट करण्यात आली. उलवे नदीचे पात्रही वळवण्यात आले. विमानतळासाठी ज्या दहा वस्त्यांना आपली जागा सोडावी लागली, त्यांत जुने उलवेही होते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी या विमानतळाचे उद्‌घाटन झाले.

आता असे समजा, की उलव्यातील एका विद्यार्थिनीच्या आजोबांना दगड जमवण्याचा नाद होता. टेकडी उभी होती तेव्हा त्यांनी तिच्यावरून आणि आसपासच्या परिसरातून ७२० नमुने गोळा केले. त्यांतील २१२ क्रमांकाचा नमुना हा एक काळा बेसॉल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्यांच्या पोकळ्यांत पुढे पांढरे खनिज जमले. ते या दगडात स्पष्ट दिसते. आजोबांच्या संगणकात त्याची नोंद आहे : ‘उलव्याची टेकडी, उत्तरेकडील उतार, पायवाटेपासून ४० पावले, ३ एप्रिल २०१३.’

ही नोंद हरवली तर काय होईल? दगड जागेवरच राहील, पण तो कोठला हे सांगता येणार नाही. महाराष्ट्रात बेसॉल्ट तर जागोजागी सापडतो. टेकडीवर जाऊन पुन्हा तपासावे म्हटले, तर टेकडीच उरलेली नाही. म्हणजे या दगडाचे शास्त्रीय मोल त्या एका ओळीत साठवलेले आहे. ती ओळ जुन्या संगणकातून नव्या संगणकात सुखरूप पोहोचवायची आहे.

डेटाबेस म्हणजे काय?

वहीत आपण एका वस्तूची सगळी माहिती एकाच ओळीत लिहितो. ‘उलव्याची टेकडी, उत्तरेकडील उतार’ हे शब्द शंभर दगडांसाठी शंभर वेळा लिहावे लागतात. एखाद्या वेळी ‘उलवे टेकडी’ असे लिहिले जाते, एखाद्या वेळी नुसते ‘टेकडी’. मग शोधताना गोंधळ उडतो.

डेटाबेसमध्ये ही माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत विभागलेली असते. आजोबांच्या डेटाबेसमध्ये तीन तक्ते आहेत असे समजू. पहिला तक्ता नमुन्यांचा. त्यात प्रत्येक नमुन्याचा क्रमांक, वर्णन, दिनांक आणि ठिकाणाचा क्रमांक असतो. दुसरा तक्ता ठिकाणांचा. त्यात ७ क्रमांकासमोर ‘उलव्याची टेकडी, उत्तरेकडील उतार’ असे एकदाच लिहिलेले असते. तिसरा तक्ता छायाचित्रांचा. कोणते छायाचित्र कोणत्या नमुन्याचे आहे, हे त्यात असते.

नमुना २१२ समोर ठिकाण म्हणून फक्त ‘७’ हा अंक असतो. संगणक दुसऱ्या तक्त्यातून ७ शोधतो आणि पूर्ण पत्ता आपल्याला दाखवतो. हे क्रमांक म्हणजे तक्त्यांना एकत्र बांधणारे दोरे होत. स्थलांतर करताना तक्ते तर गेले पाहिजेतच, पण हे दोरेही शाबूत राहिले पाहिजेत. ठिकाणांचा तक्ता मागे राहिला, तर नव्या संगणकावर २१२ समोर नुसता ‘७’ दिसेल, आणि ७ म्हणजे काय हे कोणालाच कळणार नाही.

नुसती फाइल उचलून नेली तर?

पुष्कळांना वाटते, की डेटाबेसची फाइल पेन-ड्राइव्हवर घेतली आणि नव्या संगणकावर ठेवली, की काम झाले. कधी कधी ते खरेच होते. पण त्यात तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा चालू प्रोग्रामचा. डेटाबेसचा प्रोग्राम उघडा असताना काही ताजे बदल मुख्य फाइलीत न लिहिता शेजारच्या तात्पुरत्या फाइलीत लिहिलेले असू शकतात. अशा वेळी फक्त मुख्य फाइल उचलली, तर शेवटच्या नोंदी मागे राहतात. क्वचित अर्धवट लिहिलेली फाइलच हाती येते आणि ती उघडतही नाही. स्वयंपाक चुलीवर असताना पातेले हलवण्यासारखेच हे आहे.

दुसरा खड्डा छायाचित्रांचा. बऱ्याच प्रोग्राममध्ये छायाचित्र डेटाबेसच्या आत नसते. आत असतो फक्त त्याचा पत्ता : अमुक डिस्कवरील, अमुक फोल्डरमधील, अमुक नावाचे चित्र. नव्या संगणकावर त्या नावाची डिस्क किंवा फोल्डर नसेल, तर पत्ता बरोबर असूनही घर सापडत नाही, आणि चित्राच्या जागी रिकामा चौकोन दिसतो.

तिसरा खड्डा मराठी अक्षरांचा. संगणक अक्षरे ओळखत नाही, तो फक्त संख्या साठवतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरलेली संख्या आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. ‘उलवे’ हा शब्द युनिकोडमध्ये असा साठवला जातो :

उ = २३१३, ल = २३५४, व = २३५७, एकाराची मात्रा = २३७५.

जगातील कोणत्याही संगणकावर या चार संख्यांचा अर्थ ‘उलवे’ असाच होतो. पण युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी, आणि नंतरही बरीच वर्षे, आपल्याकडे निराळ्या पद्धतीचे फाँट वापरात होते. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. पडद्यावर मराठी दिसे, पण फाइलीत असत रोमन अक्षरांच्या संख्या. तो फाँट नसलेल्या नव्या संगणकावर अशी नोंद उघडली, की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. माहिती नष्ट झालेली नसते, तिची किल्ली मात्र जुन्या संगणकात राहिलेली असते. म्हणून जुना संगणक बंद करण्यापूर्वी कोणता फाँट वापरला होता त्याचे नाव टिपून ठेवावे. ते ठाऊक असेल, तर रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. रूपांतर नेहमी एका प्रतीवर करावे, मूळ नोंदीला हात लावू नये.

बॅकअप आणि निर्यात

या खड्ड्यांतून सुटण्यासाठी बहुतेक प्रोग्राममध्ये ‘बॅकअप’ची सोय असते. बॅकअप म्हणजे राखीव प्रत. प्रोग्राम स्वतःच सर्व तक्ते, त्यांचे परस्परसंबंध आणि सोय असल्यास छायाचित्रेही एकत्र बांधून एक गठ्ठा तयार करतो. नव्या संगणकावर तोच प्रोग्राम बसवून तो गठ्ठा सोडायचा. या क्रियेला पुनःस्थापना म्हणतात.

बॅकअपचा गुण असा, की त्यात सहसा काही सुटत नाही. दोष असा, की तो गठ्ठा सहसा त्याच प्रोग्रामला उघडता येतो. उद्या तो प्रोग्राम मिळेनासा झाला तर? म्हणून बॅकअपच्या जोडीला ‘निर्यात’ही करून ठेवावी. निर्यात म्हणजे प्रत्येक तक्त्याची साधी मजकूर-फाइल. सीएसव्ही हा तिचा प्रचलित प्रकार आहे. त्यात एका ओळीत एक नोंद असते आणि रकान्यांमध्ये स्वल्पविराम असतो. ती कोणत्याही संगणकावर वाचता येते.

निर्यात केलेली फाइल उघडताना मात्र दोन गोष्टींचे भान ठेवावे. एक, अक्षरप्रणाली विचारली गेल्यास ‘यूटीएफ-८’ निवडावी. दुसरी काही निवडली, तर युनिकोड मराठीसुद्धा विचित्र चिन्हांसारखी दिसते. दोन, दिनांक. ३/४/२०१३ म्हणजे आपल्या दृष्टीने ३ एप्रिल, पण अमेरिकी पद्धतीने मांडणी केलेला संगणक त्याला ४ मार्च समजतो. दिनांक २०१३-०४-०३ असा, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने लिहिला, तर हा घोटाळा टळतो.

पेन-ड्राइव्हवर मावेल का?

थोडे गणित करू. ७२० नमुन्यांची प्रत्येकी दोन छायाचित्रे, म्हणजे १४४० छायाचित्रे झाली. एक छायाचित्र सरासरी ३० लाख बाइटचे धरले, तर एकूण ४३२ कोटी बाइट झाले. मजकूर त्या मानाने नगण्य आहे. प्रत्येक नोंदीला एक हजार बाइट धरले, तरी ७२० नोंदींना अवघे ७ लाख २० हजार बाइट लागतात. एका छायाचित्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी! आजोबांची सारी टिपणे एका छायाचित्रात चार वेळा मावतील.

आपल्याकडे १६ अब्ज बाइटचा पेन-ड्राइव्ह असेल, तर गठ्ठा सहज मावायला हवा. तरीही संगणक ‘फाइल फार मोठी आहे’ असे म्हणू शकतो. याचे कारण पेन-ड्राइव्हच्या मांडणीत आहे. पुष्कळ पेन-ड्राइव्ह ‘फॅट-३२’ या पद्धतीने मांडलेले असतात. त्या पद्धतीत एका फाइलीची लांबी ३२ द्विमान अंकांत लिहितात. ३२ द्विमान अंकांत लिहिता येणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ आहे. आपला गठ्ठा ४३२ कोटींचा, म्हणजे या मर्यादेच्या किंचित पुढे! उपाय सोपा आहे. गठ्ठ्याचे दोन भाग करावेत, किंवा रिकामा पेन-ड्राइव्ह ‘एक्सफॅट’ या पद्धतीने मांडून घ्यावा. मांडणी बदलताना त्यावरील सारे पुसले जाते, हे लक्षात असू द्या.

पोहोचले ते तेच आहे का?

घर बदलताना आपण सामानाची यादी करतो आणि नव्या घरी ती पडताळून पाहतो. येथेही तसेच करायचे.

पहिली पडताळणी मोजणीची. जुन्या संगणकावर नमुने ७२० असतील, तर नव्यावरही ७२० हवेत. छायाचित्रे १४४० हवीत, ठिकाणेही तितकीच हवीत.

पण मोजणी जुळली म्हणजे मजकूर जुळला असे नव्हे. मग दहा नोंदी उघडून पाहिल्या तर? समजा, ७२० पैकी ३६ नोंदी, म्हणजे ५ टक्के नोंदी बिघडल्या आहेत. चिठ्ठ्या टाकून निवडलेली एक नोंद चांगली निघण्याची शक्यता ०.९५. दहाच्या दहा चांगल्या निघण्याची शक्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.६०. याचा अर्थ असा, की बिघाड असूनही शंभरपैकी साठ वेळा आपण ‘सर्व ठीक’ असे म्हणू! साठ नोंदी तपासल्या, तर फसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी होते.

याहून चांगला उपाय म्हणजे पडताळा-संख्या. साऱ्या मजकुरातून ठरावीक रीतीने एक संख्या काढायची. नेण्यापूर्वीची आणि नेल्यानंतरची संख्या ताडून पाहायची. ‘उलवे’ शब्दाच्या चार संख्यांची बेरीज ९३९९ येते. पण अक्षरांची अदलाबदल होऊन ‘उवले’ झाले, तरी बेरीज तीच! म्हणून प्रत्येक संख्येला तिच्या स्थानाने गुणू :

उलवे : २३१३×१ + २३५४×२ + २३५७×३ + २३७५×४ = २३५९२
उवले : २३१३×१ + २३५७×२ + २३५४×३ + २३७५×४ = २३५८९

आता चूक पकडली गेली. प्रत्यक्षात संगणक याहून पुष्कळ गुंतागुंतीची रीत वापरतो. ‘एसएचए-२५६’ या रीतीने कितीही मोठ्या फाइलीपासून २५६ द्विमान अंकांची एक संख्या मिळते. फाइलीत एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ती संख्या पार निराळी होते.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. पडताळा-संख्या जुळली, तर गठ्ठा वाटेत बदलला नाही एवढेच सिद्ध होते. गठ्ठा बांधतानाच काही राहून गेले असेल, तर ते तिला कळत नाही. ते कळण्याचा मार्ग एकच : गठ्ठा सोडून पाहणे. सोडून न पाहिलेला बॅकअप ही नुसती आशा असते.

स्थलांतराचा क्रम

१. जुन्या संगणकावर प्रोग्रामचे नाव, आवृत्ती, मराठी फाँट आणि छायाचित्रांचे फोल्डर वहीत लिहून ठेवा. तिन्ही तक्त्यांतील नोंदींची संख्याही लिहा.
२. प्रोग्राममधूनच बॅकअप घ्या. शिवाय प्रत्येक तक्त्याची सीएसव्ही निर्यात करा. छायाचित्रांचे फोल्डर वेगळे उतरवून घ्या.
३. प्रोग्राम बंद करा. गठ्ठ्याची पडताळा-संख्या काढून वहीत लिहा.
४. गठ्ठा नव्या संगणकावर न्या आणि पडताळा-संख्या पुन्हा काढून ताडून पाहा.
५. नव्या संगणकावर प्रोग्रामची तीच किंवा त्याहून नवी आवृत्ती बसवा. जुन्या आवृत्तीला नवा गठ्ठा पुष्कळदा उघडता येत नाही. मग पुनःस्थापना करा.
६. मोजणी करा. छायाचित्रे दिसतात का ते पाहा. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नोंदी प्रत्यक्ष दगडांशी ताडून पाहा.
७. यापुढे नवी नोंद फक्त नव्या संगणकावर करा. दोन्हीकडे नोंदी होऊ लागल्या, की दोन नोंदवह्या तयार होतात आणि खरी कोणती हे ठरवणे कठीण जाते.
८. जुना संगणक निदान महिनाभर तसाच ठेवा. पुसण्याची घाई करू नका.

राखीव प्रत कोठे ठेवावी?

काम झाल्यावर पेन-ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात ठेवला, तर त्याचा उपयोग अर्धाच. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई आणि रायगडच्या अनेक भागांत घरांत पाणी शिरले. पाणी टेबलावर चढते तेव्हा खणातही शिरते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात जुन्या चित्रपटांच्या ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागून कितीतरी मूळ प्रती जळाल्या. ज्या चित्रपटांच्या प्रती दुसऱ्या फिल्मवर उतरवून अन्यत्र ठेवल्या होत्या, तेवढे तरी वाचले.

यासाठी एक सोपा नियम रूढ आहे. प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. उलव्यातील आपल्या विद्यार्थिनीने एक प्रत नव्या संगणकात ठेवावी, दुसरी पेन-ड्राइव्हवर आणि तिसरी बाहेरगावी राहणाऱ्या मावशीच्या संगणकावर. शिवाय सीएसव्हीतील टिपणे छापून काढली, तर वीज नसतानाही ती वाचता येतील. ७२० ओळींना फारसे कागद लागणार नाहीत.

उलव्याच्या टेकडीचे दगड आता अशा कपाटांतून असू शकतात. तुमच्या गावातही एखादे तळे, एखादा माळ, एखादी खाजणाची जागा अशी असेल, की जी तुम्ही मोठे होईपर्यंत आहे तशी राहणार नाही. तेथून आणलेला शिंपला वा दगड कपाटात ठेवताना त्याची नोंद करा, आणि ती नोंद एकाच जागी ठेवू नका.

करून पाहा

१. तुमच्या संग्रहातील वीस वस्तूंना क्रमांक द्या. एका वहीत वस्तूंचा तक्ता आणि दुसऱ्या वहीत ठिकाणांचा तक्ता करा. मग फक्त पहिली वही मित्राला द्या. त्याला किती वस्तूंचे ठिकाण सांगता येते?
२. प = २३४६, न = २३४४, व = २३५७, एकाराची मात्रा = २३७५, ल = २३५४. ‘पनवेल’ या शब्दाची स्थानाने गुणून पडताळा-संख्या काढा. (उत्तर : ३५३७५)
३. शाळेच्या ग्रंथालयातील किंवा प्रयोगशाळेतील नोंदींची राखीव प्रत कोठे ठेवली आहे, हे शिक्षकांना विचारा. ती शेवटची कधी उघडून पाहिली, हेही विचारायला विसरू नका.